बेळ्ळंदूरचा हळदीकुंकू

बेंगळुरूचं सर्वांत मोठं तळं बेळ्ळंदूर. सांडपाण्यातला साबण सांडव्यावरून घुसळला की तिथे फेस उसळायचा. फेब्रुवारी २०१७मध्ये तर तळ्यावर आग भडकली. तरीही पाखरांनी ही जागा सोडलेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सकाळी दुर्बीण घेऊन काठावर थांबा. काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके, असं बदक दिसलं तर तो आपला हळदीकुंकू. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरीही इथे पोहतो. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखल टोचत किडे वेचतात. पाखरं परमुलखात भेटली, तरी नावं आपल्या घरचीच!