हिवताप पाण्याचा नाही, तुंबलेल्या पाण्याचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कालव्यासाठी आपण मोर्चे काढले. पाणी आलं. मागोमाग हिवताप आला, तो मात्र आपण दैवावर सोडला.

१९६५ साली देशात हिवतापाचे रुग्ण लाखभरच उरले होते. १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. नुसत्या फवारणीवर भिस्त ठेवली आणि डास डीडीटीला दाद देईनासा झाला.

खेड्यात हिवताप पसरवणारा मुख्य डास गटारात वाढत नाही. त्याला बऱ्यापैकी स्वच्छ, संथ पाणी लागतं. फुटक्या चारीखालचं डबकं, पाझराचा खड्डा, तुंबलेला चर ही त्याची घरं. अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा डबकं कोरडं पडलं, की ती पिढी मोडली. भातालाही सदा पाणी तुंबवायला नको. फुलोऱ्याचा काळ सोडून आलटून पालटून भरावं, आटू द्यावं. पाणी वाचतं, अळी मरते.

ऐन हंगामात घरातली दोन माणसं अंथरुणाला खिळली, तर ते दिवस उत्पादन खर्चात कोण धरतो? कुणीच नाही.

म्हणून आपण दोन गोष्टी ठरवू. पाणीपट्टी आपण भरतो, तर चाऱ्यांची दुरुस्ती हक्कानं मागू. आणि थंडी वाजून ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासून घेऊ, गोळ्या अर्ध्यावर सोडणार नाही.

पाणी आपण लढून आणलं. ते वाहतं ठेवणंही आपलंच काम आहे.