हरवलेली तबकडी आणि हजेरीपट



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असा एक समज आहे. आज आम्ही एका तबकडीवर बोलणार आहोत, आणि तीही इंग्रजी वळणाच्या संगीताची. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. जे काही वाचले-ऐकले ते रात्रपाळी संपवून, पदरमोड करून. परंतु ज्याने काम केले त्याचे नाव कोठे लिहिले आहे, हे शोधण्यात आमची तीस वर्षे गेली. आणि ह्या तबकडीची हकीकत वाचताना तोच प्रश्न पदोपदी आमच्यासमोर आला. म्हणून हे धाडस.

प्रथम हे संगीत कोणते ते सांगितले पाहिजे. १९६५ नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत व इंग्लंडात रॉक संगीताची एक शाखा फुटली. तिला सायकेडेलिक रॉक म्हणतात. गुंगीत किंवा स्वप्नात मनाला जे भास होतात, ते सुरांतून उभे करावयाचे, हा तिचा हेतू. त्यासाठी विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडला जाई. गिटारमधून येणारी विजेची लहर इतकी वाढवावयाची की तिचे शेंडे छाटले जावेत. मग तारेचा स्वच्छ नाद जाऊन करवतीसारखा घरघराट उरतो. ही करामत करणाऱ्या लहानशा पेटीला फझ म्हणतात. आपणांस हे अगदीच परके वाटत असेल, तर १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातले ‘दम मारो दम’ आठवावे. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली आहे. गाणे सर्वांना पाठ, वाजविणाऱ्याचे नाव थोड्यांना ठाऊक. आमच्या विषयाचा आरंभ येथूनच होतो.

त्याच सुमारास मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर ह्या शहरांत कॉलेजातल्या मुलांचे कितीतरी बँड निघाले होते. परदेशी वाद्ये आणविणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. इथल्याच कारागिरांनी जुळवून दिलेल्या ध्वनिवर्धकांवर त्यांनी आपली हौस भागविली. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरत असे. तीत निवडलेल्या बँडांच्या १९७० व १९७१ साली दोन तबकड्या निघाल्या. हेतू सिगारेट खपविण्याचा होता. पण तेवढ्यामुळे त्या मुलांचा आवाज शिल्लक राहिला, हेही कबूल केले पाहिजे.

ह्याच पिढीत मुंबईचा ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा बँड झाला. कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, नंदू भेंडे अशी त्यातली काही नावे. नुसती आडनावे वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. नंदू भेंडे म्हणजे आत्माराम भेंडे व आशा भेंडे यांचे चिरंजीव. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त १९७८ साली अंकुश झालेले ते हेच. नाटक पाहिलेल्या रसिकांना त्यांचा आवाज आठवत असेल. परंतु त्या आवाजाची तालीम रॉकच्या मैफलींत झाली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

ह्या बँडची तबकडी ‘ऑब्सेशन ७७’ नावाने निघाली, ती १९८१ साली. नावातले साल आणि निघाल्याचे साल यांतले अंतर पाहा. तोवर ‘कुर्बानी’ येऊन गेला होता, डिस्कोचा जमाना सुरू झाला होता आणि बँड मोडला होता. तबकडीची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ ह्या कंपनीने ती पुन्हा काढली, आणि परदेशांतले रसिक म्हणू लागले की हिंदुस्थानात हेही होते! ज्या गावी ती जन्मली, त्या गावाला तिची आठवण बाहेरच्यांनी करून दिली.

अशा वेळी ‘गुप्तधन सापडले’ असे लिहिले जाते. आम्हांला हा शब्द खटकतो. गुप्तधन पुरणारा मेलेला असतो. त्याला काही विचारावयाचे नसते, द्यावयाचे नसते. इथे वाजविणारी माणसे आपापल्या संसारात होती. नंदू भेंडे यांचे निधन २०१४ साली झाले, म्हणजे नवी आवृत्ती निघाल्यावर तीन वर्षांनी. माणसे हरवली नव्हती, त्यांची नोंद हरवली होती.

कायद्याचेही थोडे पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीत लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रण करविणाऱ्या कंपनीचा हक्क होता. जो प्रत्यक्ष बसून वाजवितो, त्याचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. आणि ‘हे मी वाजविले’ असे सांगून नाव लावून घेण्याचा हक्क आला २०१२ मध्ये. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे चालतो. म्हणजे १९८१ च्या तबकडीचा हक्क २०४१ अखेरपर्यंत जिवंत आहे. चित्रकाराचे मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्यात त्याचा वाटा कायद्याने मानला आहे. जुन्या तबकडीला संग्राहक वाटेल ती किंमत मोजोत, वाजविणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही.

वेळेवर शोध लागला तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली यंत्रांच्या साथीने दहा रागांची एक तबकडी केली. ती कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, आणि सत्तरी ओलांडलेल्या ह्या वादकाला युरोपातल्या तरुणांपुढे ते संगीत स्वतः वाजविता आले. २०१५ साली ते वारले. त्यांना आपला मान डोळ्यांनी पाहता आला. हा योगायोग होता. आमचे म्हणणे एवढेच की, असा मान योगायोगावर सोडू नये.

आता दुसऱ्यांना बोल लावून झाल्यावर आमचा स्वतःचा अपराध सांगतो. आमच्या कचेरीत एक कॅसेट आहे. नव्वदनंतरच्या एका संपात, गेटसभेच्या वेळी म्हटलेली गाणी तीत आहेत. गाण्यांमागे एक हलगी अशी कडाडते की आजही अंगावर काटा येतो. गेल्या वर्षी एका तरुण कार्यकर्त्याने ती मोबाईलवर उतरवून घेतली आणि विचारले, “दादा, हलगी कोण वाजवतंय?”

आम्हांला सांगता आले नाही. त्या संपाचे मागणीपत्र आमच्याजवळ सह्यांसकट आहे. वर्गणीच्या पावत्या आहेत. हलगीवाल्याचे नाव नाही. तो कंत्राटी कामगार होता. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते, आणि ते लागावे म्हणूनच तर तो संप होता. संप मिटला, कायम कामगार आत गेले. तो कोठे गेला, कोणास ठाऊक. मालकाच्या वहीत त्याचे नाव नाही म्हणून आम्ही भांडलो, आणि आमच्या वहीतही ते लिहिले नाही.

आपल्या हर्सूलच्या बाजूने मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून शहरात पाणी नेले. त्या नहरीला त्याचे नाव राहिले, ते योग्यच झाले. पण ज्यांनी अंधारात ती खणली, त्यांचे एकही नाव आपल्याला माहीत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे आता लिहिता येणार नाही, काल-परवाचे येईल. नवरात्रात देवीपुढे वाजविणारे, वरातीच्या बँडात क्लॅरिनेट वाजविणारे, भजनी मंडळात झांज धरणारे आपल्या गावात आहेत. ज्यांच्या घरी जुनी कॅसेट असेल, त्यांनी तिच्या खोक्यावर तारीख, ठिकाण आणि वाजविणाऱ्यांची नावे लिहावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ह्या कामाला पैसा लागत नाही.

आमची ती कॅसेट आम्ही सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ती वाजवू. हलगीचा हात कोणाला ओळखू आला, तर कृपा करून पुढे येऊन सांगावे. वही आणि पेन टेबलावर ठेवले आहे.