गुरुजनांचे ऋण
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हणजे ईश्वराच्या उपकारांचे स्मरण. ते उपकार ज्यांच्या हातून आपणांपर्यंत पोहोचले, त्या गुरुजनांविषयी चार शब्द बोलण्याची मी परवानगी घेतो.

आपणां बोरी अरबकरांस गुरुजनांचे विस्मरण झाले आहे, असे नव्हे. आषाढात गुरुपौर्णिमा येते. १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिनही पाळला जातो. तोच कलकत्त्याच्या संत तेरेसा यांचा सणाचा दिवस. दीनांच्या सेवेस निघण्यापूर्वी त्यांनीही अनेक वर्षे शाळेत शिकविले होते. त्या दिवशी फुले दिली जातात, भाषणे होतात. परंतु जे गुरुजी निवृत्त होऊन घरी बसले, त्यांच्या उंबरठ्यापर्यंत हा सन्मान क्वचितच पोहोचतो.

या बाबतीत व्हिएतनाम देशाची रीत अनुकरणीय आहे. तेथे 'तेत' नामक नववर्षाच्या सणात पहिला दिवस पित्याकडील आप्तांचा, दुसरा मातेकडील आप्तांचा व तिसरा गुरूचा, असा पूर्वापार संकेत आहे. शिवाय १९८२ पासून २० नोव्हेंबर हा तेथील शिक्षकदिन. शाळांतून समारंभ होतातच. पण केस पिकलेले शिष्यही वृद्ध गुरूच्या दारी जातात.

त्याच देशात सतराव्या शतकात येशूसंघीय फादर आलेक्झांडर द रोद गेले. तेथील भाषेत उच्चाराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. ते चढउतार एका लहान मुलाने आपणांस तीन आठवड्यांत शिकविले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. पुढे तो मुलगा धर्मशिक्षक झाला व त्याने प्रेमाने फादरांचेच नाव धारण केले. १६५१ साली रोम येथे फादरांचा त्या भाषेचा कोश छापला गेला. आपल्याकडे १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करणारे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स हेही आधी मराठीचे विद्यार्थी होते, मग गुरू झाले. जो शिकविणाऱ्याचे ऋण जाणतो, त्यालाच शिकविणे साधते.

बंधुभगिनींनो, एक कबुली देतो. ज्या गुरुजींनी मला मुळाक्षरे गिरविण्यास शिकविले, त्यांच्या भेटीस 'पुढच्या सुट्टीत जाऊ' असे मी वर्षानुवर्षे म्हणत राहिलो. अखेरीस फुले घेऊन गेलो, तो त्यांच्या अंत्ययात्रेस. ती चुटपुट आपल्या वाट्यास येऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी की, या महोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या एका जुन्या गुरूच्या घरी जावे. मग ते धर्मशिक्षक असोत वा शाळेतील गुरुजी अथवा बाई, ख्रिस्ती असोत वा नसोत. हाती काही नसले तरी चालेल. मुलांना मात्र बरोबर न्यावे. 'यांनी मला शिकविले' हे शब्द मुलांनी आपल्या मुखातून ऐकावेत.

पुनरुत्थित प्रभूला ओळखताच मरिया मग्दालियेच्या मुखातून जो शब्द निघाला, तो 'रब्बूनी', म्हणजे 'गुरुजी' हाच होता. हा शब्द आपणही वेळेवर उच्चारावा, अशी सद्बुद्धी प्रभु आपणां सर्वांस देवो.