सुटण्याआधीच हरलेली शर्यत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी गुरांचा डॉक्टर. नोकरीतली बरीच वर्षं महाड आणि पोलादपूर तालुक्यांत काढली. आता निवृत्त आहे. पण शर्यत असली की ओळखीची मंडळी हक्कानं बोलावतात. २०२२ च्या मार्च महिन्यातली अशाच एका मैदानावरची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत धाव आखली होती. पोलादपूरच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्यानं माणदेशातून खिल्लार बैल आणला होता. या शेतकऱ्याला आपण नाना म्हणू. बैल पांढराशुभ्र, शिंगं तलवारीसारखी. घाटावर त्यानं मैदानं मारलेली. त्यामुळे "आज पहिला नंबर नानांचाच" असं जो तो म्हणत होता. झेंडी पडली आणि नानांची गाडी तिरकी सुटली. बैल जोडीदाराला ओढत धाव सोडून माणसांच्या दिशेनं गेला आणि मध्येच थांबला. लोक हसले. नानांच्या मुलानं रागानं काठी उचलली. ती मी वरच्या वर धरली, म्हणालो, "थांब बाळा, आधी त्याला हात लावून बघू दे."

बैलाच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. तोंडाला फेस, शेण पातळ झालेलं, मांड्या थरथरत होत्या. थर्मामीटर लावलं, तर पारा १०४ वर. बैलाचं तापमान एरवी १०१-१०२ अंश फॅरेनहाइट असतं. धावण्यानं ते वाढतं, हे खरं. पण हा बैल धावला तरी किती? मी विचारलं, "नाना, ह्याला आणला कधी?"

"आज पहाटेच की. टेंपोत घातला आणि आंबेनळी घाटानं उतरवला."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली.

घाटाच्या वळणांवर आपण गाडीत बसलेले असतो, तरी पोटात कालवतं. बैल उभा असतो. प्रत्येक वळणाला चारी पायांवर तोल सावरताना त्याचे स्नायू तासन् तास ताणलेले राहतात. वाटेत पाणी पाजलेलं नाही. वरची हवा कोरडी, इथली दमट. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. दमट हवेत तो वाळतच नाही. आपला कोकण कपिला जातीचा बैल अंगानं लहान. पण तो या हवेतच वाढलेला असतो. घाटावरच्या बैलाला तिची सवय व्हायला दिवस लागतात.

नानांनी आणखी एक चूक केली होती, तीही प्रेमानं. "आज पळायचंय" म्हणून पहाटे त्याला एरवीच्या दुप्पट भरडा घातला. अचानक जास्त धान्य पोटात गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, बैल जड होतो. ताकद देणारं खाणं आधीच्या आठवड्यांत अंगी लागतं, त्या सकाळी नाही.

त्यात मैदानावरचे कर्णे. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, गुरांना त्याहूनही बरेच उंच. कर्ण्याची जी शिट्टी आपल्याला जेमतेम जाणवते, ती त्यांच्या कानात घुसते. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. अगदी पाठीमागचा थोडा भाग सोडला, तर त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. पण खोली नीट कळत नाही. जमिनीवरची सावली त्याला खड्ड्यासारखी वाटू शकते, फडफडणारी पताका धोक्याची वाटते. आणि गुरं म्हणजे कळपाचं जनावर. ओळखीचा सोबती शेजारी असला, तर ती धीर धरतात. नानांच्या बैलाला त्या दिवशी जोडीदार मिळाला अनोळखी. शिवाय त्याला जुंपला डाव्या बाजूला. घाटावर तो कायम उजव्या अंगाला पळालेला. आमच्याकडे "बैल बुजला" असं म्हणून लोक मोकळे होतात. तो कशाला बुजला, हे कुणी विचारत नाही.

भीती वाटली की शरीर पळण्याची तयारी करतं. छाती धडधडते, स्नायूंत साठवलेली साखर खर्ची पडू लागते. ही तयारी झेंडीच्या क्षणी झाली, तर बैल वाऱ्यासारखा सुटतो. ती दोन तास आधीच झाली, तर झेंडी पडते तेव्हा कोठार रिकामं असतं.

घोड्यांच्या शर्यतीतले जाणकार हे फार पूर्वी ओळखून आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवतात. जाणता माणूस तिथं घोड्याची चाल बघतो, कान बघतो, मानेवर घामाचा फेस आलाय का ते बघतो. लोकांचा लाडका घोडा तिथंच घामाघूम झाला, तर त्याच्याबद्दल शंका घेतली जाते. इंग्लंडचा फ्रँकेल नावाचा घोडा २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. सुरुवातीला हाच घोडा लगाम ओढून धरायचा, सगळा जोर आधीच उधळून टाकायचा. हेन्री सेसिल या त्याच्या प्रशिक्षकानं आणि त्याच्या माणसांनी महिनोन् महिने खपून त्याला शांत धावायला शिकवलं. वेग त्याच्यात होताच. शिकवायचा होता तो धीर.

श्रोतेहो, ७ मे २०१४ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, ती जनावरांच्या हालांमुळेच. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, पराणी, विजेचा शॉक यांना मनाई आहे. ही मनाई म्हणजे सरकारी कटकट, असं समजू नका. बुजलेल्या बैलाला मारलं, तर पुढच्या वेळी मैदान दिसताच त्याला मार आठवतो आणि तो अजून लवकर बिथरतो.

नानांना मी एवढंच सांगितलं. बैलाला तीन-चार दिवस आधी उतरवा. सोबत ओळखीचा बैल ठेवा. संध्याकाळी रिकाम्या मैदानावरून नुसता फिरवून आणा. खांदा, खूर रोज हातानं चाचपा, कारण दुखणं बैल बोलून दाखवत नाही. त्या दिवशी वैरण नेहमीचीच घाला, पाणी भरपूर पाजा, कर्ण्यापासून लांब सावलीला बांधा. आणि सकाळी डोळ्यांतला पांढरा भाग दिसला, शेण पातळ झालं, तर जुंपू नका. इभ्रत गेली तरी चालेल.

पुढच्या मैदानाला नानांनी हे सगळं केलं. बैल तिसरा आला. नाना थोडे खट्टू झाले, पण संध्याकाळी फोनवर म्हणाले, "डॉक्टर, परत आल्यावर दावणीला उभा राहून निवांत रवंथ करत होता हो."

रवंथ करणारा बैल म्हणजे निर्धास्त बैल. मला तो तिसरा नंबर पहिल्याहून मोठा वाटला. तुमच्या दावणीला शर्यतीचा बैल असेल, तर मैदानाला नेण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांत बघा. तो तयार आहे की नाही, हे तिथं दिसतं.