व्यापारविद्येचा उमेदवार आणि अभ्यासेतर उद्योग

पदवीपरीक्षा जवळ आली कीं साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अनेक सुशिक्षित घरांत हल्लीं एक प्रश्न ऐकूं येतो. मुलाला किंवा मुलीला व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत एम्. बी. ए. साठीं प्रवेश हवा आहे. मग आजवरचें नाटक, खो-खो, गाण्याचा वर्ग हें सारें सोडून एखाद्या उद्योजक-मंडळाचें सभासदत्व अथवा शेअर-बाजारावरील वर्गाचें प्रशस्तिपत्र पदरांत पाडून घ्यावें काय? प्रश्न किरकोळ दिसतो. परंतु त्यापायीं तरुणांचीं वर्षें आणि पालकांचे पैसे खर्चीं पडतात.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. महाराष्ट्राच्या सामाईक परीक्षेच्या द्वारें होणारे प्रवेश मुख्यतः तींतील गुणानुक्रमानें ठरतात. तेथें प्रशस्तिपत्रांच्या चळतीचा उपयोग नाहीं. अहमदाबाद व कोलकाता येथें १९६१ सालीं निघालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थांसारख्या ठिकाणीं लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. पूर्वीचें शिक्षण आणि नोकरीचा अनुभव हींहि पाहिलीं जातात. अमेरिकेंत १९०८ सालीं स्थापन झालेल्या हार्वर्डच्या विद्यालयांत तर अभियंत्यांप्रमाणेंच शिक्षक आणि सैन्यांतील अधिकारीहि प्रवेश मिळवितात. अभ्यासेतर उद्योगांची चौकशी होते ती अशा ठिकाणीं. आणि तेथेंहि त्या उद्योगाच्या नांवांत ‘व्यापार’ हा शब्द असलाच पाहिजे असा दंडक नाहीं. उमेदवारानें कोणती जबाबदारी उचलली, अडचण आली तेव्हां काय केलें, हें पाहावयाचें असतें.

ह्या दोन जिल्ह्यांचा इतिहासहि हेंच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले होते. रंग ओळखण्यांतील दृष्टिदोषामुळें ती सुटली. तेव्हां ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि तेंच शिकवूं लागले. पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं कुंडलच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी! रेषा नेमकी काढण्याची संवय कारखान्यांत निरुपयोगी ठरली असें कोण म्हणेल?

सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तें राजाश्रयाच्या बळावर. १८५१ मध्यें चिंतामणराव पटवर्धन निवर्तले आणि तो आश्रय संपला. मग मंडळी फिरतीवर निघाली, आणि १८५३ मध्यें मुंबईंत तिकिटें लावून खेळ झाले. नटांची पोटापाण्याची सोय, सामानाची ने-आण, प्रेक्षकांची मर्जी आणि जमाखर्चाचा मेळ हें सर्व ज्यानें संभाळावयाचें, त्याच्या कामाला केवळ करमणूक म्हणतां येणार नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचें. ओगल्यांचा कांचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचें काम त्यांनीं केलें. परंतु विक्रीकरितां केलेल्या त्या भ्रमंतीची खरी मिळकत म्हणजे खेड्यापाड्यांची ओळख. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहून श्रम करीत आणि शिकत. तेथें धडा होता तो वेळेवर चूल पेटविण्याचा आणि दुसऱ्याच्या वांट्याचें काम अडूं न देण्याचा. व्यवस्थापन म्हणतात तें याहून फारसें निराळें नाहीं.

अर्थात् व्यापाराची तोंडओळखहि नको असा याचा अर्थ नव्हे. ‘हीच विद्या कां?’ असें विचारल्यावर सांगलीच्या उमेदवाराला हळदीच्या बाजाराविषयीं चार वाक्यें बोलतां येऊं नयेत, ही लाजिरवाणी गोष्ट होय. हरिपूरच्या जमिनींतील पेवांत हळद कां सांठवीत, सौद्यांत भाव कसा ठरतो, शेतकऱ्याच्या हातीं पैसा केव्हां पडतो, हें जाणून घेण्यास शुल्क लागत नाहीं. सकाळीं बाजारांत उभें राहण्याची तयारी लागते.

खरा अन्याय होतो तो निराळ्याच ठिकाणीं. जो मुलगा पहांटे दूधसंस्थेंत माप लिहून मग महाविद्यालयांत जातो, जी मुलगी वडिलांच्या दुकानाची उधारीची वही संभाळते, त्यांना वाटतें कीं आपल्यापाशीं लिहिण्यासारखें कांहींच नाहीं. अर्जांतील तो रकाना तीं कोरा ठेवतात! २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुरानें सांगली वेढली, तेव्हां ज्या विद्यार्थ्यानें घरोघर जाऊन धान्यवाटपाची यादी केली असेल, त्यानेंहि तें केवळ शेजारधर्म समजून गाळूं नये. दुसऱ्याचा पैसा, वेळ आणि विश्वास ज्या कामांत आपल्या हातीं होता, तें प्रत्येक काम ह्या विद्येची पूर्वतयारीच होय.

तेव्हां पालकांनीं मुलांच्या आवडीचें काम सोडवूं नये. तें एकच असो, पण दोन-तीन वर्षें नेटानें होऊं द्यावें. आणि अर्ज भरावयाची वेळ येईल तेव्हां मुलांजवळ बसून विचारावें कीं, बाळ, रोज सकाळीं तूं जें करतोस, तें येथें कां लिहीत नाहींस?