प्रागचा वसंत आणि कार्यकर्त्याचा धीर

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



निवडणुकीत हार झाली, मोर्चाला माणसे कमी आली, की आपल्यातील अनेकजण विचारतात, "आणखी किती वाट पाहायची?" या प्रश्नाच्या संदर्भात चेकोस्लोव्हाकियाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

जानेवारी १९६८ मध्ये अलेक्झांडर दुबचेक तेथील कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले. वृत्तपत्रांवरील बंधने उठली. अर्थतज्ज्ञ ओटा शिक यांच्या सुधारणांनी कारखान्यांना निर्णयस्वातंत्र्य देऊ केले. कामगार मंडळे उभी राहू लागली. समाजवादाला मानवी चेहरा देण्याचा हा प्रयत्न म्हणजेच 'प्रागचा वसंत'. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे शिरले आणि तो बहर करपला.

पुढे एकवीस वर्षे शिशिर होता. दुबचेक यांची १९७० मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली. त्यांनी वनखात्यात नोकरी केली. १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे निवेदन निघाले. सरकारने स्वतःच सही केलेले मानवी हक्कांचे करार पाळावेत, एवढीच त्याची मागणी. आरंभी सह्या करणारे अडीचशेदेखील नव्हते. त्यांतील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना तुरुंगवास घडला. तरीही टंकयंत्रावर कार्बनच्या प्रती काढून निषिद्ध मजकूर हातोहात पोचविला जात राहिला. धीर म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यांनी दाखविले. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी हल्ला केला आणि जनता रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या वतीने बोलण्यास विश्वासार्ह माणसे तयार होती.

परंतु आलेला वसंत १९६८ चा नव्हता. नागरी स्वातंत्र्य मिळाले. कारखान्यांचे मात्र १९९२ पासून व्हाउचर वाटून खाजगीकरण झाले. कामगारांच्या स्वयंव्यवस्थापनाचा विचार मागेच राहिला. माझ्या मते याचे एक कारण उघड आहे. स्वातंत्र्याचे बियाणे त्या काळात मूठभरांनी जपले. मालकीच्या प्रश्नाचे बियाणे जपणारी संघटना दडपशाहीत उरली नव्हती.

आपल्याला तशी सबब सांगता येणार नाही. सभा घेण्याचे, संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे. म्हणून किती वाट पाहायची यापेक्षा वाट पाहताना काय जपायचे, हा प्रश्न मोलाचा. अभ्यासमंडळ चार माणसांचे असले तरी चालू ठेवा, युनियनची वर्गणी वेळेवर गोळा करा, वस्तीतील बैठक चुकवू नका. ऋतू पालटतोच, मात्र जे पेरलेले असेल, तेच उगवते.