बाद झालेला पुन्हा जिवंत होतो



कबड्डीच्या मैदानावर दोन शब्द सतत कानी पडतात : ‘बाद’ आणि ‘जिवंत’. पकडला गेलेला चढाईपटू अथवा त्याने टिपलेला गडी बाद होऊन रेषेबाहेर बसतो. पण त्याचा खेळ तेथे संपत नाही. त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की, बाहेर बसलेल्यांपैकी जो आधी बाद झाला असेल तो जिवंत होऊन मैदानात परततो. तो स्वतःच्या पराक्रमाने नव्हे, तर सहकाऱ्याच्या पराक्रमाने परततो. या एका नियमात जीवनाचे केवढे मोठे शिक्षण सामावले आहे!

या शिक्षणाची आज किती निकड आहे, हे आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुले. ती दुसऱ्या कोणाची नाहीत. ती आपल्याच आळीतली, आपल्याच सोसायटीतली आहेत.

आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. तरीही मध्यमवर्गीय घरांतील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. मूल नववीत गेले की त्याचे मैदान बंद होते. ‘दहावीचे वर्ष आहे, खेळ नंतर’ हे वाक्य घरोघरी उच्चारले जाते. ज्या वयात मनावर सर्वाधिक ताण येतो, नेमक्या त्याच वयात तो ताण उतरवण्याचे साधन काढून घेतले जाते. पुढे परीक्षेत कमी गुण मिळतात, तेव्हा पराभव कसा पचवायचा हे त्या मुलाला ठाऊकच नसते. कारण त्याने तोवर लहानसा पराभवही पाहिलेला नसतो. मैदानावरचा मुलगा रोज संध्याकाळी हरतो, रडतो, भांडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी हजर होतो. हार म्हणजे सर्वनाश नव्हे, हे त्याला व्याख्यान देऊन शिकवावे लागत नाही.

खो-खोतही हाच संस्कार आहे. संरक्षणाच्या डावात बाद झालेला खेळाडू काही मिनिटांतच पाठलागासाठी चौकात बसतो. त्याला स्वतःच्या चुकीवर कुढत बसण्यास अवधीच नसतो. पाठीमागून केव्हाही ‘खो’ येईल, म्हणून त्याचे सारे लक्ष वर्तमान क्षणावर असावे लागते. पुण्याच्या प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या महिला व पुरुष संघांनी पहिले खो-खो विश्वविजेतेपद पटकावले, ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु चषकापर्यंत न पोहोचणाऱ्या हजारो मुलामुलींना या खेळाने जे मनोबल दिले, त्याचे मोल त्याहून उणे नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील ९ ते १३ वर्षे वयाच्या ११,२३५ मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता, उदासीनता आणि एकलकोंडेपणा मुळीच न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. केवळ वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत मात्र या तक्रारी न खेळणाऱ्यांहूनही अधिक दिसल्या. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण विचार करायला लावणारी ही गोष्ट निश्चित आहे. मनाला उभारी केवळ घाम गाळल्याने येत नाही. ‘आपले कोणीतरी आहे’ ही जाणीव तितकीच आवश्यक असते.

शरीराचा वाटाही अर्थातच मोठा आहे. थकलेल्या देहाला गाढ झोप लागते आणि सुधारलेली झोप चिडचिड व चिंता कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटांच्या मध्यम ते दमदार हालचालीची शिफारस केली आहे. शिकवणीच्या दोन वर्गांमधील एक तास एवढाच त्याचा हिशेब!

मात्र मैदान आपोआप हितकारक ठरत नाही. चुकलेल्या मुलाचा सर्वांसमक्ष पाणउतारा करणारा प्रशिक्षक आणि पदकासाठी मुलाच्या मानगुटीवर बसणारे पालक खेळाचीही परीक्षाच करून टाकतात. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्स या श्रेष्ठ जिम्नॅस्टने मानसिक स्वास्थ्यासाठी अनेक स्पर्धांतून माघार घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे ती तीन सुवर्णपदके जिंकून परतली. थांबणे म्हणजे पळून जाणे नव्हे, हा धडा तिने जगाला दिला.

मग कर्तव्य कोणते? दहावी-बारावीतही मुलांचा खेळाचा तास अबाधित राखावा. मुलींसाठी मैदानावर स्वच्छतागृह, पुरेसा उजेड आणि सोबत असावी. अनेकींचा खेळ आवड नसल्याने नव्हे, तर या सोयी नसल्याने सुटतो. वस्तीतील मोकळी जागा वाहनतळासाठी देण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हावा. घरी आलेल्या मुलाला ‘जिंकलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘मजा आली का?’ असे विचारावे.

खेळ हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, हेही ध्यानी असावे. रोज खेळणारे मूल अचानक मैदान टाळू लागले, अबोल झाले, त्याची झोप-भूक हरपली किंवा ते जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर त्याला आळशी ठरवू नये. त्याच्याजवळ बसावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य साहाय्य मिळते आणि मराठीतूनही बोलता येते.

रेषेबाहेर बसलेला गडी स्वतःहून आत येऊ शकत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी गुण मिळवावा लागतो. ते कर्तव्य घराचे, शाळेचे आणि समाजाचे आहे.